गोधडीआडची रात्र

साखरशाळेत शिरताच ज्योत्स्ना दारातच थबकली. पाचटाच्या त्या कोपीत एकही पोर नव्हतं.

चूक तिचीच. बी.ए. झालेली ज्योत्स्ना पारगावच्या बाजूला ऊसतोड्यांच्या तळावर शिकवत होती आणि शिकवता शिकवताच शिक्षकाचं प्रशिक्षणही घेत होती. आज तिचा शेवटचा सराव पाठ. निरीक्षक सरांनी नापास केलं, की वर्ष गेलं. प्रशिक्षण केंद्रातून बजावलं होतं, "वर्गात फक्त विद्यार्थी हवेत." म्हणून कालच तिनं पोरांना सांगून टाकलं, धाकट्या भावंडांना आणायचं नाही. पण आईबाप उसाच्या फडात गेल्यावर धाकट्यांना सांभाळायचं कुणी? मग थोरलीही घरीच राहिली.

आणि तिच्या स्वतःच्या कडेवर तिचा तान्हा राजरत्न होता! सासूबाई नेमक्या आजच भाचीच्या बाळंतपणाला बोरीला गेल्या होत्या. "एक दिस पोरगं नेलं तं काय शाळा पडती व्हय?" असं वर ऐकवून.

ती कोप्याकोप्यांतून धावत सुटली. तिच्या वर्गातली भागू दारात धाकट्या बहिणीला खेळवत बसली होती.

"चल गं शाळेत!"

"तुमीच म्हणला, बारक्यांना न्हाई आणायचं." भागूनं राजरत्नकडे बोट केलं. "तुमचं तं आणलंया की!"

"आणा बाई, सगळ्यांना आणा! पळा!"

सरांची लूना तळावर पोचली, तेव्हा शाळेच्या आडव्या बांबूला ओळीनं झोळ्या लटकत होत्या. सगळ्यांना मिळून एकच दोरी. एका हातानं ती ओढत भागू दुसऱ्या हातानं पाटीवर लिहायची. युक्ती ज्योत्स्नाचीच.

"हे काय?" सरांनी चष्मा वर केला.

"पोरांची भावंडं, सर." त्यातलं एक आपलं आहे, हे तिनं गिळलं.

सर मागे खुर्चीवर बसले. पाठ होता दिवस आणि रात्रीचा. अंधार हवा म्हणून तिनं दारावर गोधडी सोडली, डब्यावर बॅटरी लावून ठेवली आणि तिच्यासमोर चेंडू फिरवू लागली. अंधार पाहून एक बाळ रडलं. त्याचं ऐकून दुसरं. भागूनं दोरी ओढली. झोळ्या एका लयीत डोलू लागल्या.

"हा सूर्य... ही आपली पृथ्वी..." ज्योत्स्नाचा आवाज आपसूक खाली उतरला, तान्ह्याला निजवताना उतरतो तसा. "उजेडातून अंधारात... अंधारातून उजेडात..."

पोरं आईबापांबरोबर पहाटे अंधारातच उठलेली. त्यात पाचटाचा उबदार वास, कुरकुरणारा बांबू, भिंतीवर होड्यांसारख्या तरंगणाऱ्या सावल्या. आधी पुढची रांग कलंडली. मग भागूचा हात दोरीवरच थांबला. झोळ्या मात्र कुणी न ओढताच थोडा वेळ झुलत राहिल्या. यांना उठवायला हवं, हे ज्योत्स्नाला कळत होतं. पण पाठाचं टाचण घोकून घोकून तिचेही डोळे जड झालेले. तिला वाटलं, कोपी जमिनीवरून सुटलीय, उसाच्या तुऱ्यांवरून हलके हलके चाललीय, आणि कुठं पोचायची म्हणून घाई नाही...

जाग आली ती राजरत्नच्या किलकारीनं. बॅटरीच्या बाजूच्या झोळीतून डोकं काढून तो उजेडाकडे बघत खिदळत होता. पोरं दचकून उठली. सरांचं घोरणं मध्येच तुटलं.

"हं... विवेचन ठीक झालं," सरांनी घसा खाकरला. "आता मूल्यमापन मीच घेतो. तू सांग गं, रात्र कधी होते?"

भागूनं डोळे चोळले. "आत्ताच झाली व्हती की, सर. तुमाला बी झाली."

गेलं वर्ष! ज्योत्स्नानं डोळे मिटले.

सरांचे कान लाल झाले. "आणि... सगळीकडे एकदमच होते का?"

"न्हाई. आमच्याकडं रात्र व्हती, तवा बाईंच्या बाळाकडं दिवस व्हता. त्याच्या बाजूला बॅटरी व्हती ना!"

सर एकदा बाळाकडे, एकदा ज्योत्स्नाकडे बघत राहिले. मग त्यांनी शेरा लिहिला, 'संकल्पना प्रत्यक्ष अनुभवातून दिली. वर्ग अत्यंत शांत.'

ती त्यांना लूनापर्यंत पोचवायला गेली. सर हळू आवाजात म्हणाले, "घरी जुळी नातवंडं आलीत, बाई. महिनाभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुमचा पुढचा पाठ कधी?"

"हा शेवटचाच होता, सर."

"असं?" सरांचा चेहरा पडला. गाडी चालू करून ते पुन्हा थांबले. "मग उद्या नुसताच आलो तर चालेल? दुपारचं."