सहा मिनिटं चाळीस सेकंद

लांजेवार घरी आला की आधी फोटो द्यायचा. बसणं, पाणी, चौकशी, सगळं नंतर. शर्टाच्या खिशातून पोस्टकार्डाएवढा एखादा घरचा फोटो काढून तो तुमच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचा, "पाय जरा." तुमची नजर फोटोवर गेली की त्याचा उजवा हात पँटच्या खिशात शिरायचा आणि आतून बारीक टिक असा आवाज यायचा. तुम्ही मान वर केली की पुन्हा टिक. मग तो खिशातून स्टॉपवॉच काढायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि आकडा वाचायचा.

"तीन पॉइंट आठ. देशकर, तुझ्यापेक्षा तुझ्या गॅसवाल्यानं जास्त पाह्यला."

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या आमच्या ओळीत या परीक्षेतून कोणी सुटलं नव्हतं. गॅसवाला, पोस्टमन, धुणंवाली बाई, मंडळाची वर्गणी मागायला आलेले अध्यक्ष, सगळ्यांची वेळ त्याच्या रजिस्टरात लिहिलेली होती.

या माणसावर मी पूर्वी एकदा लिहिलं आहे. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी ते वाचून दाखवलं होतं आणि लोक पोट धरून हसले होते. त्या लेखातलं जवळजवळ सगळं खरं होतं. एक वाक्य खोटं होतं. ते खोटं आहे हे मला लिहितानाच कळत होतं. आता माझं वय शहात्तर आहे, पण ते एक वाक्य दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. म्हणून लांजेवार पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

नोकरीत असताना मी पोलाद कारखान्यात हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसमध्ये कारकून होतो आणि तो रेल मिलमध्ये इन्स्पेक्शनला. त्याचं काम म्हणजे रुळाच्या टोकाशी वाकून, एक डोळा मिटून कडेवरून पलीकडे बघायचं. केसाएवढा बाक दिसला की खडूची फुली. फुली पडली की तो म्हणायचा, "लॉट रिजेक्ट." हे दोन शब्द त्यानं पस्तीस वर्षं इतक्यांदा उच्चारले की ते त्याच्या घरीही राहायला आले. भाजीवाल्याचे टमाटे रिजेक्ट, शेजारच्या पोराचा पतंग रिजेक्ट. मुलीसाठी पाहिलेल्या पहिल्या तीन मुलांचा निकाल तर पाव्हणे फाटकाबाहेर पडायच्या आत लागला होता. चौथा पास झाला. "मानूस सरळ आहे," एवढाच शेरा. त्याच जावयानं आणि मुलीनं त्याला निवृत्तीनंतर पुण्याहून कम्प्युटर पाठवला.

ते डीव्हीडीचे दिवस होते. जो तो घरातले फोटो कम्प्युटरवर चढवून, मागे गाणं लावून त्याची डीव्हीडी करत होता आणि पाव्हण्यांना टीव्हीसमोर बसवून दाखवत होता. लांजेवारनंही ठरवलं की आपली डीव्हीडी करायची. पण त्यासाठी सॉफ्टवेअर लागतं, आणि सॉफ्टवेअर हा माल आहे, आणि मालाची ट्रायल घेतल्याशिवाय लांजेवार तो पास करत नाही. पावर हाउस भागातल्या बाजारात एक कम्प्युटरचं दुकान होतं. तिथून तो पंधरा दिवसांच्या ट्रायलच्या सीड्या आणायचा, पंधराव्या दिवशी परत करायचा, आणि रजिस्टरात निकाल लिहायचा. ते रजिस्टर मी पाहिलं आहे.

"नंबर एक. फोटोवर आपलंच नाव छापते. काकाजीच्या कपाळावर इंग्रजी अक्षरं. रिजेक्ट."

"नंबर चार. दोन फोटोच्या मधात पान पलटते. पलटताना माणसं वाकतात. रिजेक्ट."

"नंबर पाच. फुगे उडवते. लग्नात फुगे नव्हते. रिजेक्ट."

"नंबर सात. फोटो आपल्या मनानं मोठा मोठा करत जाते. कडेची माणसं बाहेर पडतात. रिजेक्ट."

मी एकदा म्हटलं, "अरे, हे सगळं बंद करायची सोय असते म्हणे."

"असते ना. नंबर नऊमधे फुगे बंद, पान बंद, झूम बंद. पण एक फोटो तीस सेकंदाच्या वर थांबत नाही."

"तीस सेकंद कमी पडतात का? मी तर चार सेकंदांत संपवतो."

"तुयं तसंच आहे," तो म्हणाला. "जेवतो बी तसाच."

दुकानदार पोरगा त्याला 'पटरीवाले अंकल' म्हणायचा. एकदा मी बरोबर होतो. पोरगा कळवळून म्हणाला, "अंकल, फोटो तो फोटो है, चार सेकंड बहुत है. पब्लिक बोर हो जाती है." लांजेवारनं खिशातून एक फोटो काढून त्याच्या हातात दिला आणि दुसरा हात पँटच्या खिशात घातला. पोरगा घाबरून फोटोकडे बघतच राहिला. "बारा सेकंद," बाहेर आल्यावर लांजेवार म्हणाला. "पन तो भेवानं पाहून राहिला होता. धरता येत नाही."

आता त्या वाक्याकडे येतो.

गणपतीला दहाएक दिवस होते. मंडळानं मला काहीतरी विनोदी वाचायला सांगितलं होतं आणि मी लांजेवारच्या घरी बसून त्याचं रजिस्टर चाळत होतो. मागच्या पानांवर फोटो बघणाऱ्यांच्या वेळा होत्या. देशकर ३.८. सौ. देशकर ४.१. गॅसवाला ५. सगळी नावं अशीच एका हाताच्या बोटांवर मोजावीत तेवढ्या सेकंदांची. शेवटी मात्र वेगळ्या शाईत लिहिलं होतं: घरून, ६ मिनिटं ४० सेकंद.

"हे कोण रे? वहिनी?"

"हो."

"झोप लागली की काय फोटो बघता बघता?"

तो हसला नाही. "मानसं लय आहेत त्या फोटोत," एवढं म्हणाला आणि रजिस्टर माझ्या हातातून हळूच काढून घेतलं. आपण काहीतरी आतलं उघडं पाडलं हे मला त्याच क्षणी समजलं. पण विनोद सुचला होता, आणि सुचलेला विनोद टाकून द्यायची ताकद माझ्यात कधीच नव्हती.

मंडपात मी वाचलं. गॅसवाल्याला हशा, फुग्यांना हशा, वाकणाऱ्या माणसांना टाळ्या. शेवटी मी वाचलं, "आणि या सर्वांत विक्रम आमच्या लांजेवार वहिनींचा. सहा मिनिटं चाळीस सेकंद. नवऱ्याच्या फोटोकलेवर इतकं प्रेम, की बघता बघता त्यांना गाढ झोप लागली, आणि लांजेवारनं घड्याळ थांबवलं नाही." मंडप दणाणला. तिसऱ्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि त्याही हसल्या. शेजारी लांजेवार माझ्याकडे बघत होता, एक डोळा बारीक करून, कडेवरून बघावं तसा.

त्यानंतर तो फोटो घेऊन आला नाही. कम्प्युटरवर कापड पडलं. मी समजलो, रुसला आहे, येईल. लोकांना सांगतही सुटलो की लांजेवारला थट्टा सहन होत नाही. मग त्यानं कारखान्याचं क्वार्टर सोडलं आणि जवळच दुर्गला पद्मनाभपुरात घर घेतलं. कुठे भेटलो तर नमस्कार व्हायचा, रस्ता आपापला.

पुढं पाच-सहा वर्षांनी मी त्याच दुकानात प्रिंटरची शाई घ्यायला गेलो. पोरगा आता चांगला बाप्या झाला होता. मला ओळखून म्हणाला, "पटरीवाले अंकल को आखिर मिला क्या, वो सात मिनट वाला?"

"सात मिनट वाला क्या?"

"उनको एक ही फोटो सात मिनट खड़ा चाहिए था. हिले नहीं, कटे नहीं. मैंने पूछा काहे को, तो बोले आंटी को लोगों से मिलना है."

मी शाई न घेताच बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटर काढली आणि पद्मनाभपूर गाठलं.

लांजेवार फाटकाशीच झाडांना पाणी घालत होता. मी काय विचारायला आलो हे सांगितल्यावर त्यानं नळ बंद केला आणि तिथंच उभ्या उभ्या, आवाज खाली ठेवून सांगितलं.

तो फोटो वहिनींच्या धाकट्या भावाच्या लग्नातला. साकोलीकडच्या खेड्यात अंगणात काढलेला, त्रेचाळीस माणसं. वहिनींना लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे इतक्या वर्षांत माहेरचं पत्र नाही, जाणं-येणंही थोडं. त्या फोटो घेऊन बसायच्या आणि डाव्या टोकापासून एकेकाजवळ थांबत जायच्या. पुढं डोळ्यांचे पडदे खराब झाले. पोस्टकार्डाएवढ्या फोटोतले चेहरे डोळ्यांशी धरूनही कसेबसेच दिसायचे. कम्प्युटरचा पडदा लहान, पण टीव्ही मोठा होता. टीव्हीवर एकेक चेहरा लिंबाएवढा झाला असता, हातभर अंतरावर बसलं तर दिसला असता.

"मग पॉज करून ठेवायचा होता," मी म्हटलं.

"केला ना. पाच मिनिटानं डीव्हीडी प्लेअर फोटो काढून घेते आन आपलंच नाव फिरवते पडद्यावर. तोच फोटो दहा खेपा लावून पाह्यला. मधात पडदा झपकन मिटते, आन ती कोनापाशी होती ते इसरते. पुन्हा पयल्यापासून सुरू."

"पण तू शेजारी बसून..."

"मी बसलो की ती घाई करे. मानूस खोळंबून राहिला म्हणे. म्हणून तिचं तिले लावता आलं पाह्यजे होतं. किती वेळ लागते ते मले मोजायचं होतं. मंग एक दिवस ती फोटो हाती घेऊन बसली होती, तवा सैपाकघराच्या दारातून मोजलं. तिले माहीत नव्हतं."

पुढचं मला कळलं, पण त्यानं सांगितलं.

"तिले मंडपात माहीत झालं. त्याच्यानंतर फोटो हाती देला तर पाहे आन लगेच खाली ठेवे. चार सेकंद. सगळ्यायसारखी."

मी म्हटलं, "मला आत जाऊ दे."

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. डोळे आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच सांगत होते. मी बसलो आणि रस्ताभर जुळवलेली वाक्यं एकदम नाहीशी झाली.

"वहिनी, मंडपात मी जे वाचलं होतं..."

"मले झोप नव्हती लागली, भाऊजी."

"मला माहीत होतं."

"तवाच?"

"हो. तेव्हाच."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "मंग कावून लिवलं?"

"लोक हसतील म्हणून."

"हसले ना," त्या म्हणाल्या. "मीबी हसली. काय करता." मग लांजेवारच्या दिशेनं वळून म्हणाल्या, "भाऊजीले चहा द्या. आन आज आपलं रायलं आहे ते करून घ्या. यायनंबी भेटून घ्यावं सगळ्यायले. चार सेकंदात काय भेट झाली असंल."

लांजेवारनं चहा ठेवला आणि कपाटातून तो फोटो काढला. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न बघून तो जरा ओशाळून म्हणाला, "डोये गेल्यावर एक दिवस तिनं मले विचारलं, आजीच्या बाजूले कोन बसलं आहे सांगा. मले सांगता येईना. सतरा सॉफ्टवेअर तपासले मी, फोटोच नव्हता पाह्यला. मंग तिनं शिकवलं. दोन महिने लागले."

त्यानं खुर्ची वहिनींच्या खुर्चीला लावली, चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्यांजवळ धरला आणि डाव्या टोकावर बोट ठेवलं.

"खालची रांग. नर्मदा आक्का, मांडीवर पोरगं, पोराच्या हाती बत्तासा."

"हं."

"तिच्या बाजूले शेवंता. पदराले जळाल्याचं भोक. मामुली आहे, पास."

"तवा पास नव्हतं करत कोनी," वहिनी म्हणाल्या. "सासू लय बोलली होती तिले."

"मंग आजी. मंग आजीचा धाकटा भाऊ, टोपी वाकडी."

"वाकडी चालते तुमाले?"

"त्याची चालते."

असं करत खालची रांग संपली. मधली रांग झाली. प्रत्येक नावाला वहिनींचा 'हं' यायचा, कुठं लगेच, कुठं उशिरा, आणि तो येईपर्यंत लांजेवारचं बोट जागचं हलत नव्हतं. शेवटच्या रांगेच्या डाव्या कडेशी बोट आल्यावर तो म्हणाला, "खाटेच्या मागं उभी, अर्धीच दिसते. तुयी माय."

वहिनींनी डोळे मिटून घेतले होते आणि मांडीवरच्या हाताची बोटं, कोणाचं तरी मनगट धरावं तशी, जराशी वळली होती. बाहेर एक ऑटो येऊन थांबला, कोणी उतरलं, ऑटो निघून गेला. माझा चहा गार झाला. लांजेवार फोटोकडे बघत नव्हता. तो वहिनींकडे बघत, बोट त्या अर्ध्या चेहऱ्यावर तसंच ठेवून बसला होता.

"हं," बऱ्याच वेळानं वहिनी म्हणाल्या. "आता तिच्या बाजूचा."

लांजेवारनं बोट पुढं सरकवलं.