त्र्यंबकराव साळिंदरांच्या गाडीतला आवाज

एका जंगलात त्र्यंबकराव नावाचं एक साळिंदर राहत होतं. जंगल कुठलं, ते विचारू नका मुलांनो. पत्ता विचारणाऱ्यांच्या डोक्यात नुसता पत्ताच राहतो आणि गोष्ट निघून जाते.

तर या त्र्यंबकरावांकडे एक छोटी गाडी होती. चांगलीच जुनी. पुढे दोघं बसायचे, मागे दोघं बसायचे, आणि पाचवा आलाच तर त्याने आपले हातपाय घरी ठेवून यावं अशी व्यवस्था होती. सीटच्या पाठीला बारीक बारीक भोकं होती. साळिंदराच्या पाठीवर काटे असतात, त्याला कोण काय करणार? त्र्यंबकराव म्हणायचे, "हवा खेळती राहते."

जंगलात गाड्यांचा मेस्त्री एकच, तो म्हणजे तरस. कामाला बरा होता. पण बॉनेट उघडलं की तो हसायचा. यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. तरस हसतोच. स्वतःचा पाय मुरगळला तरी हसतो. पण त्र्यंबकराव पडले मानी गृहस्थ. आपल्या गाडीच्या इंजिनात डोकावून कोणी खो खो हसावं, हे त्यांना फार लागलं.

"यापुढे या गाडीला हात लावीन तर मीच," असं म्हणून त्यांनी धाडकन बॉनेट लावलं आणि गाडी घरी आणली.

त्यांची बायको कुमुदिनीबाई दारातच उभी होती. तिने विचारलं, "झाली का दुरुस्त?"

"आता होईल," त्र्यंबकराव म्हणाले.

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यांनी कामं छान केली. कार्बोरेटरच्या बारीक भोकात कचरा अडकला की इतर लोक तार शोधत बसतात. त्र्यंबकराव पाठीवरचा एक काटा उपटायचे आणि भोक साफ करायचे. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे. रेडिएटर गळायला लागला तर त्यात मूठभर हळद टाकायचे. ती पाण्याबरोबर फिरते आणि गळणाऱ्या जागी जाऊन बसते. पेट्रोलची टाकी पाझरली तर तिला साबण चोपडायचे. त्यामुळे घरात भाजी पांढरी व्हायची आणि कुमुदिनीबाई आंघोळीला गेली की साबण गाडीखाली सापडायचा. पण गाडी चालायची, हे मान्य केलं पाहिजे.

मग त्र्यंबकरावांना मोबाईलवर एक खवले मांजर भेटलं.

हे खवले मांजर नदीपलीकडे राहायचं आणि गाडी दुरुस्तीचे व्हिडिओ टाकायचं. "मित्रांनो, पाच मिनिटांचं काम आहे," अशी त्याची सुरुवात असायची. पान्याने हे खोलायचं, पक्कडीने ते ओढायचं, सगळं कसं सोपं. खरा अवघड भाग आला की ते अंगाचं वेटोळं करून घ्यायचं, आणि वेटोळं सुटेपर्यंत काम झालेलं असायचं. त्र्यंबकरावांनी ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. वेटोळ्याच्या आत काय होतं, ते त्यांना शेवटपर्यंत दिसलं नाही. तरी त्यांनी गाडी खोललीच.

खोलली आणि परत जोडली. थोडे नट उरले, ते कुमुदिनीबाईने पोळपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारले. गाडी सुरू झाली. त्र्यंबकरावांनी एक फेरी मारली, घरी आले आणि म्हणाले, "आवाज येतोय."

"कसला?" कुमुदिनीबाईने विचारलं.

"टुक टुक टर्र असा. ऐक."

कुमुदिनीबाई गाडीत बसली. तिने नीट ऐकलं. तिला इंजिन ऐकू आलं, वारा ऐकू आला, नवऱ्याचा श्वास ऐकू आला. टुक टुक टर्र काही ऐकू आलं नाही.

"तुझं लक्ष नाही," त्र्यंबकराव म्हणाले, आणि त्यांनी गाडी पुन्हा खोलली.

आता हे दिवस कुठले होते, तेही सांगतो. उन्हाळा उतरत आला होता. कुमुदिनीबाईचं माहेर घाटाच्या पलीकडे. तिथे तिची आई, गोदाआई, एकटीच राहायची. पावसाळा लागला की घाटात दरड कोसळायची. मग जंगलाचं रस्ते खातं यायचं, दरडीकडे बघायचं, 'घाट बंद आहे' अशी पाटी लावायचं आणि निघून जायचं. ती पाटी थेट दसऱ्याला निघायची. म्हणजे जायचं तर पावसाआधी. आणि दोन वर्षं झाली, कुमुदिनीबाईला आई भेटली नव्हती. दोन्ही वर्षं गाडी खोललेली होती.

गोदाआई धनेश पक्ष्याबरोबर निरोप पाठवायची. पहिला निरोप आला, "कधी येतेस?" मग आला, "करवंदं पिकली." मग आला, "करवंदं संपली, पण जांभळं आहेत."

दर वेळी कुमुदिनीबाई अंगणात जायची. तिथे गाडीखालून त्र्यंबकरावांचे पाय बाहेर आलेले असायचे. ती त्या पायांना विचारायची, "अहो, जायचं ना?"

पाय म्हणायचे, "आवाज घेऊन घाट चढायचा नसतो. एवढा काढतो आणि निघू."

आवाज काढायला त्र्यंबकरावांनी काय काय केलं! सायलेन्सरचा पत्रा आवळला. नंबर प्लेट परकराच्या नाडीने बांधली. दारांना खोबरेल तेल लावलं. शेवटी ते शेजारच्या वसंता सशाला बोलावून घेऊन आले, कारण जंगलात सर्वांत मोठे कान त्याचे. वसंताने आधी पुढे बसून ऐकलं, मग मागे बसून ऐकलं. मग डिकीत बसून ऐकलं. अर्धा तास डिकीत बसल्यावर तो बाहेर आला आणि संकोचून म्हणाला, "काका, मला तर काहीच ऐकू येत नाही."

"कान मोठे आहेत तुझे," त्र्यंबकराव म्हणाले, "पण शिकलेले नाहीत."

वसंताला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त वाईट त्र्यंबकरावांना वाटलं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळं जंगल म्हणत होतं, आवाज नाही. एकटे ते म्हणत होते, आहे. मुलांनो, असा एकटा आवाज ऐकत राहणं सोपं नसतं. मला त्र्यंबकरावांची कीव येते, आणि त्यांचा रागही येतो.

मग एके दिवशी धनेश नवा निरोप घेऊन आला. या वेळी गोदाआईने लेकीला कधी येतेस असं विचारलं नव्हतं. करवंदांचं, जांभळांचं नावही नव्हतं. निरोप एवढाच होता, "गाडी कशी आहे?"

कुमुदिनीबाई चुलीपाशी बसली होती, ती बसूनच राहिली. पोळी करपली. तिला फार रडू आलं. आईने आपली वाट पाहणं सोडलं, आणि रागावलीही नाही, उलट गाडीची विचारपूस केली, हे तिला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबकराव पाना घेऊन अंगणात आले तर काय! त्यांनी आदल्या रात्री जॅकवर चढवलेल्या गाडीत कुमुदिनीबाई बसलेली. मांडीवर गाठोडं, नजर समोर.

"अगं, उतर. चाक काढायचंय."

"मी उतरत नाही. तुम्ही गाडी खाली उतरवा."

"पण आवाज?"

"त्यालाही घेऊन जाऊ. घाट बघेल बिचारा."

त्र्यंबकरावांनी बायकोच्या पाठीकडे पाहिलं. सगळे काटे ताठ उभे होते. साळिंदराची बायको अशी बसली की शहाण्या नवऱ्याने वाद घालायचा नसतो. त्यांनी मुकाट्याने गाडी जॅकवरून उतरवली, हत्यारांची पिशवी डिकीत टाकली आणि किल्ली फिरवली.

घाट चढताना त्र्यंबकराव मान वाकडी करून ऐकत होते. "ऐकलंस? आत्ता आला. ऐकलंस?" असं त्यांचं चाललं होतं. कुमुदिनीबाई करवंदीच्या जाळ्या बघत होती. अर्ध्या घाटात गाडी तापली आणि रेडिएटरचं हळदीचं पाणी उसळून काचेवर, टपावर, सगळीकडे उडालं. पण गाडी थांबली नाही. हळद लागलेल्या नवरीसारखी पिवळीजर्द होऊन ती दुपारच्या आत माहेरच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

गोदाआई कपारीच्या दारात पाठमोरी बसून कंद सोलत होती. त्र्यंबकरावांनी हॉर्न वाजवला. ती वळली नाही. त्यांनी पुन्हा वाजवला. झाडावरचे पक्षी उडाले, गोदाआई कंदच सोलत राहिली. दोन वर्षांत तिचे कान पार गेले होते, आणि ते तिने कोणाला कळवलं नव्हतं.

कुमुदिनीबाई धावत गेली. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. गोदाआईने वळून पाहिलं, हातातला कंद खाली पडला, आणि ती लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसती बघत राहिली.

मग ती म्हणाली, "वाळलीस गं. राहणार ना आता?"

कुमुदिनीबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्र्यंबकरावांनी आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेला ढग जमत होते.

"संध्याकाळी निघावं लागेल," ते म्हणाले. "पाऊस आला तर अडकून पडू. आणि गाडीत आवाज येतोय, अंधार पडायच्या आत घाट उतरलेला बरा."

"काय म्हणतात?" गोदाआईने लेकीला विचारलं.

 कुमुदिनीबाईने आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "संध्याकाळी परत जायचं म्हणतात! गाडीत आवाज येतो म्हणतात!"

 गोदाआईने सोललेल्या कंदांवर ताट झाकलं. पदराला हात पुसले. मग ती सावकाश उठली आणि गाडीपाशी गेली.

"जावईबापू, जरा चालू करा बघू."

त्र्यंबकरावांनी गाडी चालू केली. गोदाआईने बॉनेटला कान लावला. डोळे मिटले. गाडी थरथरत होती आणि तिच्याबरोबर म्हातारीचे काटेही थरथरत होते. कुमुदिनीबाई तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"येतो हो," गोदाआई म्हणाली.

त्र्यंबकरावांनी गाडी बंद केली. "काय?" त्यांनी मोठ्याने विचारलं. "काय येतो?"

"आवाज. चांगलाच येतो. खालच्या अंगाला, डावीकडे."

"मला उजवीकडे वाटत होता!" त्र्यंबकराव ओरडले.

गोदाआईने त्यांचा हात उजवीकडे गेलेला पाहिला. "तिकडेही येतो," ती म्हणाली. "असली गाडी घेऊन घाट उतरायचा म्हणजे माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही बाई."

त्र्यंबकरावांचे डोळे भरून आले. बायकोने ऐकला नाही, सशाने ऐकला नाही, आणि या माउलीने एकदा कान लावला नि ऐकला! त्यांनी तिथेच, हळदीने माखलेल्या गाडीपुढे, सासूबाईंना वाकून नमस्कार केला. मग डिकीतून हत्यारांची पिशवी काढली, अंगणात गोणपाट अंथरलं आणि बाह्या सरसावल्या.

संध्याकाळपर्यंत अर्धं इंजिन गोणपाटावर आलं. तेवढ्यात पाऊस आला. त्र्यंबकरावांनी सुटे भाग उचलून कपारीशेजारच्या गोठ्यात नेले आणि तिथे काम चालू ठेवलं. दोन दिवसांनी दरड कोसळली. रस्ते खातं आलं, त्याने दरडीकडे बघितलं आणि ते पाटी लावून गेलं.

मायलेकींनी तो पावसाळा कसा घालवला, ते काय सांगू! कंद भाजले, जुनी गाऱ्हाणी काढली, एकमेकींच्या पाठी विंचरल्या. कुमुदिनीबाईचा आवाज ओरडून ओरडून बसला, मग दोघी हातवारे करून बोलायला लागल्या. इकडे त्र्यंबकरावही मजेत होते. मधून मधून गाडी जोडून व्हायची. मग ते अदबीने सासूबाईंना बोलावून आणायचे. गोदाआई बॉनेटला कान लावायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "कमी झालाय हो. पण आहे." त्र्यंबकराव खूश होऊन पुन्हा पाना उचलायचे.

एका दुपारी गोठ्यातून पान्याची ठकठक येत होती. मायलेकी दाराशी बसल्या होत्या. कुमुदिनीबाईने गोठ्याकडे एकदा पाहिलं, मग आईजवळ सरकली आणि अगदी हळू विचारलं, "आई, खरं सांग. तुला आवाज ऐकू आला होता?"

गोदाआईने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं.

"काय म्हणालीस?" ती म्हणाली. "मोठ्याने बोल गं, मला काही ऐकू येत नाही."

कुमुदिनीबाई मोठ्याने बोलली नाही.

तात्पर्य : जुनी गाडी घरी खोलत बसू नये, सरळ मेस्त्रीकडे न्यावी, असं शहाणे लोक सांगतात. या शहाण्यांनी कोणाला लेक दिलेली नसते. ज्यांनी दिलेली आहे त्यांनी जावयाच्या गाडीला अवश्य कान लावावा, आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी तर आधी लावावा.