भिंतीची भेंडी

गंगाकाकूंच्या घरी भेंडी दोन प्रकारची असे: एक खायची, दुसरी भिंतीची. त्यातली चांगली भिंतीची.

सोनाळ्याच्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून गेलो, तेव्हा त्यांची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. त्यांचे यजमान महादेवकाका भाजीपाला पिकवून संग्रामपूरच्या बाजारात विकायचे. कोवळी, सरळ भेंडी काकू आधीच काढून घेत. उरलेल्या वाकड्यातिकड्या मालाला गिऱ्हाईक नाक मुरडायचं. काका शांतपणे सांगायचे, "चांगली होती, पन भितीवर गेली."

याला कारण जत्रेत घेतलेली पुठ्ठ्याची एक नळी. आत आरशाच्या तीन पट्ट्या आणि बांगड्यांचे तुकडे. डोळा लावून फिरवली की फुलामागून फूल उमलायचं. लोक असली नळी पाहतात आणि पोरांच्या हाती देतात. काकूंनी नळी पाहिली आणि मग भिंतीकडे पाहिलं.

आडव्या कापलेल्या भेंडीचं पाचपाकळी फूल, अर्ध्या कांद्याच्या लाटा, कारल्याच्या चकतीचा करवती काठ. हे काप रंगात बुडवून भिंतीवर ठसे उमटवायचे; रंग म्हणजे गेरू, नीळ आणि पिवळी माती. खिळ्याला सुतळी बांधून गोल आखायचा, त्याचे सारखे वाटे करायचे, आणि एका वाट्यात जे उमटलं तेच आरशातल्यासारखं उलटं करून शेजारी उमटवायचं. एकदा काकांनी हौसेनं एक फूल उमटवलं. ते जरा कललं, तर काकूंनी सगळा गोल चुन्याने पुसून टाकला.

दिवाळीच्या सुट्टीहून परतलो तर माझ्या खोलीच्या भिंती फुललेल्या. मला गरगरतंय म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "दोन दिवस गरगरन गुर्जी. मंग साधी भित पाहून गरगरन." आणि तसंच झालं. गावातल्या इतर घरी बसलो की मला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

त्या घराच्या मधोमध वाटणीची भिंत होती. पलीकडे काकांचा धाकटा भाऊ, त्याची बायको कमळाबाई आणि मुलगी शांता. भांडण कशावरून झालं, हे दोन्ही बाजूंना आता नीट सांगता येत नसे, पण दोघी जावा बोलत नव्हत्या. काकूंना मूल नव्हतं. शांता त्यांच्या कडेवर वाढली आणि भिंत उभी राहिली तेव्हा पलीकडे गेली.

एक दिवस शांता शाळेत येऊन मला भेटली. देऊळगाव राजाचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. बैठक ओकीबोकी दिसते, मोठमाय येईल का, एवढं विचारायचं होतं. काकूंना ती मोठमाय म्हणायची.

मी भीत भीत निरोप सांगितला. काकूंनी ढवळायला घेतलेली नीळ बाजूला सारली. मग म्हणाल्या, "बालाजीच्या गावचे पाव्हने. मंग पिवया रंग जास्त लागन."

सकाळी टोपली घेऊन त्या रस्त्याने वळसा घालून पलीकडे गेल्या. मी रंगाचे डबे घेऊन मागे. कमळाबाईंनी स्टूल पुढे केलं. मग दोघी बोलल्या त्या फक्त भेंडीबद्दल. ही जून हाय. दुसरी दे. दुपारपर्यंत कमळाबाईंनीही एक फूल उमटवलं, चांगलंच तिरकं. मी चुन्याच्या डब्याकडे पाहिलं.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "चांगलं दिसते."

पाहुणे आले. मुलाचे वडील समोरच्या भिंतीत असे गुंतले की मुलीला प्रश्न विचारायचे विसरले. मुलाच्या आईने विचारलं, हे कोणी केलं?

"माह्या मोठमायनं," शांता म्हणाली.

काकू आत भजी तळत होत्या. भजी जरा करपली. लग्न ठरलं.

पुढे माझ्या लक्षात आलं की काकूंनी दोन्ही घरं सजवली होती, पण मधल्या भिंतीला कुठल्याच बाजूने हात लावला नव्हता. मी विचारलं, एवढीच का राहिली? संग्रामपूरहून रंग आणू का?

काकूंनी त्या भिंतीवर तळहात टेकला.

"नको गुर्जी. हे कवा पाडा लागन, सांगता येत नाई. फुलं असली तं माह्यानं पाडनं होनार नाई."