काटा बरोबर होता

माझ्या हाताखालून गेलेलं यंत्र खोटं बोलत नाही! ही बढाई नाही, माझं कामच ते आहे. प्रयोगशाळेत तापमापक, दाबमापक, वजनकाटे माझ्या टेबलावर येतात. मी त्यांची चूक शोधते, काढते आणि खरं बोलायला लावून परत पाठवते. विभागप्रमुखाच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी इतकी खुशीत होते की म्हटलं, जाता जाता घरच्या गाडीचे काटेही सुधारून टाकू. इथेच घोडं पेंड खाणार होतं.

गाडी सासऱ्यांच्या वेळची. तिच्या डॅशबोर्डवरचे दोन काटे, एक पेट्रोलचा आणि एक इंजिनाच्या तापमानाचा, अंथरुणाला खिळल्यासारखे तळाशी पडून असायचे. टाकी गच्च भरली तरी पेट्रोलचा काटा निम्म्यापर्यंत यायचा आणि दम लागून थांबायचा. तापमानाचा काटा तर हलायचे कष्टही घेत नसे. त्याच्या मते आमचं इंजिन बर्फाच्या लादीवर ठेवलेलं होतं.

घरात कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

"काटा तळाला टेकला की अजून पाव टाकी शिल्लक आहे असं समजायचं," असा माझ्या नवऱ्याचा हिशोब.

"अहो, दोन काटे एकाच वेळी, एकाच बाजूला चुकतात. म्हणजे दोष काट्यांत नाही. दोघांना जिथून वीज मिळते तिथे आहे."

"दोघं म्हातारे झालेत, बास! दोन माणसं एकदम म्हातारी होतात, मग काटे का नाही?"

या युक्तिवादावर सासूबाई अशा हसल्या की जणू मुलाला पदक मिळालं.

रविवारी मी डॅशबोर्ड उघडला. दातांत बॅटरी धरून, स्टिअरिंगखाली उलटी होऊन तारा मोजत गेले. दोन्ही काट्यांना एकाच छोट्या डबीतून वीज जात होती. तिच्या टोकावर हिरवा गंज चढला होता. मी तो पॉलिश पेपरने घासला, तार पुन्हा घट्ट बसवली आणि किल्ली फिरवली. वर्गात मास्तर आल्यासारखा पेट्रोलचा काटा ताडकन उभा! तापमानाचाही जागा होऊन जरासा हलला; इंजिन गार होतं, तेवढंच बरोबर. मग मी टाकीत मोजून पेट्रोल घातलं आणि काटा ताडून पाहिला. तंतोतंत!

"अहो, आता काटा खरं सांगतो. तळाला टेकला म्हणजे टाकी रिकामी, बरं का!"

"हो, हो," नवरा वर्तमानपत्रातूनच म्हणाला. "बघू किती टिकतं ते."

मग आठवडाभर गाडी त्याच्याच हातात होती, पण कोपऱ्यापर्यंतच्या फेऱ्यांना; इंजिन तापायच्या आत तो परत यायचा.

मुलाखतीच्या दिवशी मी गाडी घेऊन एकटी निघणार होते. पण नवरा म्हणाला, "अगं, अशा दिवशी मन ठिकाणावर नसतं. मी सोडतो." सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, त्या मागे बसल्या. मी पुढे बसले आणि आधी काटा पाहिला. तो तळाला टेकलेला होता.

"अहो, पेट्रोल संपत आलंय. समोर पंप आहे, आधी भरून घ्या."

"काटा तळाला म्हणजे पाव टाकी."

"ते पूर्वी! आता मी तो दुरुस्त केलाय."

"अगं, तुझ्या जन्माआधीपासून मी या गाडीत बसतोय!" गाडीचं आणि माझं वय पाहता हे अशक्य होतं. पण तेवढ्यात पंप मागे गेला.

थोडं अंतर गेल्यावर तापमानाचा काटा सावकाश वर आला आणि मध्यावर स्थिरावला. निरोगी इंजिनाचा काटा तिथेच असतो. पण आमच्या घरात तो तिथे कुणी कधी पाहिलाच नव्हता!

"अरे, गाडीला ताप आला!" सासूबाई मागून ओरडल्या.

नवऱ्याने करकचून ब्रेक दाबला. गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं.

"अहो, काटा मध्यावरच असायला हवा!"

"इतकी वर्षं कधी वर आला होता? तू हात लावलास आणि इंजिन तापलं!"

"इंजिन नाही तापलं, काटा सुधारलाय!"

"मग पेट्रोलचा का नाही सुधारला?"

ज्या काट्याने माझी चूक ठरत होती तो खरा, आणि ज्याने त्याची ठरत होती तो खोटा. मापनशास्त्रात याला नाव नाही. घरात आहे, पण ते मी लिहीत नाही.

"बंद तरी करा गाडी."

"वेडी आहेस का? पंखा फिरला पाहिजे, तरच थंड होईल!" असं म्हणून त्याने इंजिन चालू ठेवलं. वर गरम हवेचा झोत लावला, का तर इंजिनातली उष्णता आमच्या अंगावर यावी. आम्ही तिघं भट्टीतल्या पावासारखे भाजत बसलो. माझ्या इस्त्रीच्या कपड्यांचं पोतेरं झालं. काटा मध्यावर ठाम. पेट्रोल मात्र जळत होतं.

शेवटी मी अक्षरशः हात जोडले, तेव्हा गाडी निघाली. पुढच्या वळणावर तिने एक उचकी दिली, दुसरी दिली आणि प्राण सोडला.

"बघितलंस? शेवटी इंजिन गेलंच!" नवरा म्हणाला.

"पेट्रोल गेलंय, पेट्रोल!"

"आता माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं काय?" सासूबाईंनी मलाच विचारलं.

मी फाईल छातीशी धरून पळत सुटले. टॅक्सी मिळेपर्यंत चपलेचा अंगठाही तुटला होता.

मुलाखत घेणाऱ्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उशीर का झाला?"

"गाडीतलं पेट्रोल संपलं."

"काटा नादुरुस्त होता का?"

"नाही. बरोबर होता. मीच दुरुस्त केला होता."

"मग आपण तो पाहिला नाही?"

"पाहिला होता."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढचे प्रश्न त्यांनी केवळ सभ्यतेपोटी विचारले. जागा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मिळाली. तो आकडे डोळ्यांनीच अंदाजे वाचतो, पण वेळेवर येतो.

पेट्रोल घालताच गाडी सुरू झाली होती, तरी घरात मात्र गाडीचंच सुतक. फोनवरून नातेवाइकांना बातमी गेली, "चांगली धडधाकट गाडी, हिने उघडली आणि बिघडवली!" मी ते रोज ऐकलं. मग एका दुपारी घरात कुणी नसताना पुन्हा स्टिअरिंगखाली उलटी झाले आणि त्या डबीची तार अलगद सैल करून ठेवली. दोन्ही काटे आडवे झाले.

संध्याकाळी नवरा फेरी मारून आला तो हसतच.

"जरा दोन टपल्या मारल्या डॅशबोर्डवर. ताप उतरला! पेट्रोलचा काटाही होता तसा झाला. यंत्राला हात लावायचा म्हणजे अनुभव लागतो, समजलं? तुमच्या प्रयोगशाळेत काही अडलं तर सांग."

"नव्या साहेबांना विचारते," मी म्हटलं.