विजूमावशीची ठकी

“मान खाली! मान खाली घाल, मुडद्या!”

मेंढीने घातली. मी घातली नाही. फांदी माझ्या कपाळावर अशी बसली की तिच्यावरचा डिसेंबरपासूनचा सगळा बर्फ माझ्या कॉलरमध्ये उतरला आणि क्षणभर मला माझी पणजी दिसली, जिला मी जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं. पुढे क्वॉड बाइकवर बसलेल्या विजूमावशीने मागे न बघताच जाहीर केलं, “काही होत नाही.”

ही माझ्या आईची धाकटी बहीण. डॉक्टर विजया, वय वर्षं चौऱ्याहत्तर, जन्म पुण्याचा, मुक्काम इंग्लंडच्या उत्तरेला कम्ब्रियातल्या एका खोऱ्यात, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आणि मेंढ्यांपेक्षा पाऊस जास्त. तिथे तिने सगळी हयात जीपी, म्हणजे गावची डॉक्टर, म्हणून काढली. काका गेले, ती रिटायर झाली, तरी तिथून हलली नाही. हिवाळ्यात तिच्या दारापर्यंतचा रस्ता नकाशात असतो, जमिनीवर नसतो. गाडी शेडमध्ये झोपते. मग उरते ती क्वॉड. स्कूटरसारखं हँडल, खाली चार जाडजूड चाकं, आणि चिखल-बर्फ-ओढा कशाचीच लाज नाही. आसपासचे शेतकरी असल्या गाडीवरून मेंढ्यांना गवत पोचवतात. मावशीने आपल्या क्वॉडचं नाव ‘ठकी’ ठेवलंय आणि ती सकाळी चालू झाली नाही तर तिची जीभ बघितल्यासारखं काहीतरी करते.

‘काही होत नाही’ हे मावशीचं एकमेव औषध. इंजेक्शनच्या आधी, टाक्यांच्या आधी, बाळंतपणाच्या ऐन मध्यावर तिने हे अख्ख्या खोऱ्याला मराठीतून सांगितलं. आजही तिथल्या पबमध्ये पिंप उचलण्याआधी धट्टीकट्टी माणसं एकमेकांना “काय होट नाय” म्हणतात. अडचण एवढीच, की मावशीने हे म्हटल्यावर हमखास काहीतरी होतं. बहुतेक वेळा समोरच्याला.

ड्रायव्हिंग ती पुण्यात मोपेडवर शिकली आणि तिथेच थांबली. मैलभर चिटपाखरू नसलं तरी वळताना हात दाखवणार. प्रत्येक वळणावर हॉर्न देणार. ज्या देशात हॉर्न वाजवणं म्हणजे आईवरून शिवी देणं, तिथे मावशीचा हॉर्न ऐकून लोक घड्याळं लावतात. आणि डबलसीट? नाव काढायचं नाही. सीट एकाची आहे, नियम म्हणजे नियम. म्हणून बसने मला जिथे टाकलं तिथून मी मागच्या ट्रेलरमध्ये होतो. सोबत गवताचे दोन गठ्ठे आणि तिच्या लाकडांच्या शेडमध्ये घुसलेली शेजाऱ्याची एक चुकार मेंढी. ट्रेलरमध्ये माणसं चालतात का, असं मी विचारलं होतं.

“माणसं नाहीत चालत,” मावशी म्हणाली आणि तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “माल चालतो.”

थंडी म्हणजे काय सांगू. शब्द तोंडातून निघाला की गोठून खाली पडायचा. खोऱ्यात मी केलेल्या अर्ध्या तक्रारी अजून त्या रस्त्याकडेला पडल्या असतील, मार्चमध्ये वितळून ऐकू येतील.

आता, लंडनजवळच्या पिनरमधलं सेंट्रल हीटिंग सोडून हा माल तिथे गेला कशाला? तर मंदारने पाठवला म्हणून. मंदार म्हणजे मावशीचा मुलगा, लंडनच्या पलीकडे रीडिंग गावात सॉफ्टवेअरमध्ये. आदल्या जानेवारीत ठकी एका उतारावर उलटली आणि मावशी खड्ड्यात पडून राहिली. मंदारला हे तिने आठवड्याने फोनवर सांगितलं, विनोद म्हणून. मंदारला हसू आलं नाही. त्याने गॅरेज पाडून आईसाठी खोली बांधली, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, आणि ती हो म्हणेना तेव्हा मला गाठलं. म्हणाला, तुझं तिच्याशी जमतं, तू जा आणि ठकीची किल्ली घेऊन ये. दुसरी किल्ली त्याने स्वतःच दिवाळीत ढापली होती. क्वॉड नसली की हिवाळा काढता येणार नाही, हिवाळा काढता आला नाही की ती येईल. बिचाऱ्याचं गणित चूक नव्हतं. तो घाबरला होता.

ट्रेलर थांबला तो मावशीच्या घरापाशी नाही, वरच्या बाजूच्या एका फार्मच्या अंगणात. मेंढी इथल्याच शेजाऱ्याची, वॉल्टरची होती. ती माझ्याआधी उतरली आणि मला वाट दाखवावी तशी पुढे चालू लागली. मावशीने हेल्मेट काढलं, आतली कानटोपी काढली, ठकीची किल्ली काढली आणि माझ्याकडे फेकली.

“धर जरा. माझ्या खिशाला भोक आहे.”

काम इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी किल्ली जॅकेटच्या आतल्या खिशात टाकली आणि चेन लावली.

वॉल्टर म्हणजे ऐंशीच्या पुढचा, दाराच्या चौकटीएवढा मेंढपाळ. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली, टेबलावर तीन मग. आम्ही बसलो तसं त्याने कानातलं ऐकण्याचं मशीन काढलं आणि बशीत ठेवलं, घरात आल्यावर लोक चपला काढतात तसं. मावशीने एक मूठ बर्फ फडक्यात बांधून माझ्या टेंगळावर दाबला, डबा उघडून वॉल्टरपुढे मुगाची खिचडी ठेवली. त्याने तिच्यावर ब्राउन सॉस ओतला. मावशीने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. आणि मग ती बोलायला लागली. मराठीत.

मी आधी समजलो माझ्याशी. पण नाही. वॉल्टरला ती सांगत होती की पुण्याच्या सुधावहिनींनी लग्नाचा हॉल दोनदा बुक करून दोनदा सोडला. मुलगी म्हणते नाश्त्याला इडली नको, मुलाची आई म्हणते इडली हवीच, आणि मधल्यामध्ये कॅटरर पळाला. वॉल्टर मान हलवत होता. इडलीच्या जागी तर त्याने भुवया उंचावल्या. मावशी अशी सुटली होती की मी तिला कधी तसं ऐकलेलंच नाही. आमच्याशी फोनवर ती मोजून बोलते. नातवंडं “आजी, तू कसा आहेस?” विचारतात, तर त्यांना त्रास नको म्हणून ती इंग्लिशमध्येच उत्तर देते. आणि इथे पेठांमधलं ठेवणीतलं मराठी, हातवाऱ्यांसकट, एका बहिऱ्या मेंढपाळापुढे धो धो वाहत होतं.

मध्येच आवाज जराही न बदलता ती म्हणाली, “आणि हा बसलाय ना, टेंगूळवाला, हा माझ्या बहिणीचा मुलगा. याला मंदारने ठकीची किल्ली न्यायला पाठवलंय. बसमधून उतरला तेव्हाच तोंडावर दिसत होतं. म्हटलं, उगाच रात्री माझे ड्रॉवर उचकायला नकोत, म्हणून आपणच दिलीय त्याच्या हातात. बघू.”

मी बर्फाचं फडकं कपाळावरून डोळ्यांवर ओढलं.

“मंदार वाईट नाही रे,” ती वॉल्टरला सांगत राहिली. “खोली छान बांधलीय. पण मी तिकडे बोलू कोणाशी? तिकडे सगळ्यांना ऐकू येतं. वाक्य संपायच्या आत सल्ला देतात.”

वॉल्टरने मान हलवली आणि आपल्या त्या जाड्याभरड्या इंग्लिशमध्ये कुठल्याशा मेंढ्याच्या खुराबद्दल बराच वेळ काही सांगितलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मावशीलाही कळलं नसावं, कारण तीही तितक्याच आपुलकीने मान हलवत होती.

मग ती गवताचे गठ्ठे उतरवायला उठली. मी मदतीला उठलो तर म्हणाली, तू शेक. ती बाहेर गेल्यावर वॉल्टरने मशीन पुन्हा कानात घातलं. मी त्याला विचारलं, ती काय बोलते ते तुम्हाला कळतं का?

नाही, तो म्हणाला, माझ्यासाठी मुद्दाम सावकाश.

मग तिच्यासमोर मशीन काढता कशाला? म्हणाला, त्याने बॅटरी वाचते.

मी म्हटलं, मागच्या वर्षी ती खड्ड्यात पडली, तेव्हा तिला कोणी काढलं? त्याने अंगठ्याने स्वतःकडे दाखवलं.

“पण तुम्हाला तिच्या हाका कशा ऐकू आल्या?”

वॉल्टरने आधी मशीनला हात लावून पाहिला, आपल्याला नीट ऐकू आलं का म्हणून. मग टेबलावरच्या तिसऱ्या मगाकडे पाहिलं, मावशीच्या.

“हाका नाही ऐकल्या,” तो म्हणाला. “चहा ओतून ठेवला होता. तो गार झाला. मग ट्रॅक्टर काढला.”

खिडकीतून अंगण दिसत होतं. मावशी ठकीवर चढून बसली होती आणि तिने हात मागे पसरला होता, न बघता, ऑपरेशनमध्ये कात्री मागतात तसा. किती वेळ ती तशी बसून होती कोण जाणे, हातमोज्यावर बर्फ साचायला लागला होता. मी बाहेर गेलो. माझ्या जॅकेटची चेन नेमकी अडकली. बोटं गारठलेली, चेन हलेना. तो हात मात्र तसाच राहिला. शेवटी मी चेन दाताने ओढली आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

तिने मूठ मिटली. पाठ माझ्याकडेच. नाक एकदा जोरात ओढलं.

“बस मागे,” ती म्हणाली. “मेंढी उतरलीय, पाय पसर. आणि त्या फांदीपाशी…”

“मान खाली.”

“आईवर गेलास. एकदा आपटल्याशिवाय कळत नाही.”

संध्याकाळी मंदारचा फोन आला. मावशी ओट्यापाशी कांदा चिरत होती. अचानक सुरी थांबली.

“किल्ली मिळाली का रे?” मंदारने विचारलं.

“मिळाली होती,” मी म्हटलं.