आधी बाजू ऐका

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सोहोनीकाकांनी दूधवाल्याला नोटीस दिली होती. खरीखुरी, टाइप केलेली! दुधात पाणी का घातलं, ते अठ्ठेचाळीस तासांत लेखी कळवावं. तो बिचारा कागद घेऊन माझ्याकडे आला. मी चौथी पास, आणि कागद इंग्रजीत! शेवटी काकांनीच त्याच्या बाजूनं उत्तर लिहिलं, त्यानं अंगठा उठवला, आणि काकांनी ते नीट वाचून त्याला माफ केलं.

काका कलकत्त्यातच वाढलेले. एका ज्यूट मिलच्या लेबर ऑफिसात कामगारांच्या चार्जशीट टाइप करण्यात जन्म गेला. नोकरी सुटली, पण सवय कुठली सुटायला? "आरोप सांगा, बाजू ऐका, मग शिक्षा," हे त्यांचं ठरलेलं. आमच्या तीन वर्षांच्या मंगीनं त्यांचा चष्मा फोडला, तर तिला स्टुलावर बसवून चौकशी! "आरोप मान्य आहे?" ती म्हणाली, "बिस्किट." काकांनी तेही लिहून घेतलं.

मी आपली हसायची. पण मग मंगीला ताप आला, आणि आमचे हे चार दिवस खिदिरपूरच्या कारखान्यात कामाला गेलेच नाहीत. चिठ्ठीही पाठवली नाही, ती चूकच झाली. पाचव्या दिवशी साहेबानं कागद हातात दिला, "राजीनाम्यावर सही करून आण, उगाच चार्जशीटची भानगड नको." हे तर सही करायलाच बसले. तेव्हा कलकत्त्यात रोज कुठल्या ना कुठल्या कारखान्याला कुलूप, दुसरी नोकरी देणार कोण? मंगीला काखोटीला मारलं आणि धडाधडा खाली गेले.

काका अनवाणीच वर आले. "पेन खाली ठेव आधी! सही केलीस की तू आपणहून सोडलीस. मग कुणी विचारणार नाही. त्यांना म्हण, चार्जशीट द्या."

"अहो काका, चार्जशीट मागून घ्यायची?" मी ओरडलेच.

"मागून, सूनबाई! चार्जशीट आली की बाजू ऐकणं आलं."

चार्जशीट आली, तिचं उत्तर काकांनीच टाइप केलं, डॉक्टरची चिठ्ठी जोडली. चौकशीच्या दिवशी बाहेरच्या माणसाला आत सोडेनात, तर काका गेटसमोर छत्री उघडून दुपारभर उभे. मी इकडे देवापुढे. संध्याकाळी हे आले ते हसतच. नुसती ताकीद दिली! मी रडले, मंगीही रडली, कशाला ते तिचं तिलाही ठाऊक नाही.

शिरा केला आणि खाली घेऊन गेले. सहज विचारलं, "काका, तुमची नोकरी कशी सुटली हो?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "एकाला चौकशीशिवाय काढायचं होतं. तो कागद मी टाइप करीना. मग साहेबांनी माझाच राजीनामा पुढे केला."

"मग?"

"घाबरलो. केली सही." बशी बाजूला सारत म्हणाले, "इतक्या वर्षांत विचारणारी तू पहिलीच."

शिरा गार होत होता. मी मंगीचं स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"सांगा काका," म्हटलं, "पहिल्यापासून सांगा."