सासूबाईंचं विमान

"रविवारी बेलोऱ्याला जाऊन आई-बाबांना घेऊन यायचंय," असं भावना म्हणाली आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत अनुप "जातो ना!" म्हणून मोकळा झाला. तिथेच तिला शंका आली. एरवी सासू-सासऱ्यांना आणायला अकोल्याच्या बसस्टँडवर जायचं म्हटलं, तरी याची गाडी पंक्चर असायची, नाहीतर कंबर धरलेली असायची.

"मी माणसं आणायले सांगून राह्यली," ती म्हणाली. "फोटो काढायले नाही."

"फोटोचं नाव तरी काढलं का मी?" अनुप म्हणाला. पण तोवर त्याचा हात कपाटावरच्या कॅमेऱ्याच्या बॅगेपर्यंत पोचला होता.

अनुप अकोल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि उरलेला वेळ विमानांचे फोटो काढायचा. लोक सुट्टीत चिखलदऱ्याला जातात, हा नागपूरला जाऊन विमानतळाच्या भिंतीबाहेर उभा राहायचा. अकोल्यातही धावपट्टी होती, पण तिथे प्रवासी विमान यायचं नाव घेत नव्हतं. त्यामुळे अमरावतीजवळ बेलोऱ्याला मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा अनुपने स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. कोणीतरी "मुलगा की मुलगी?" विचारलं, तर हा म्हणाला, "एटीआर. दोन पंख्यांचं."

सासूबाईंना, म्हणजे वरूडच्या दुर्गाबाईंना, हा छंद मान्य नव्हता. त्यालाही कारण होतं. मेहुण्याच्या लग्नात, नागपूरला, सगळं घर फोटोला उभं असताना डोक्यावरून विमान गेलं आणि जावई फोटो सोडून रस्त्यावर पळाला. दुर्गाबाईंनी फोटोग्राफरला थांबवून जावयाची जागा तशीच रिकामी ठेवली आणि फोटो काढायला लावला. "पोरगा चांगला हाये," त्या नातेवाइकांना सांगायच्या, "पन वर पाहत चालते." तेव्हापासून त्या अनुपशी कामापुरतंच बोलत. आता मुंबईच्या मुलाने, त्याच्याकडे राहायला गेलेल्या आई-बापाला हौसेने परतीची विमानाची तिकिटं काढून दिली होती. चार दिवस लेकीकडे राहून ते वरूडला जाणार होते.

"या खेपेले जर काही झालं ना," भावनाने निघताना सांगितलं, "तर तो कॅमेरा मी मोडीत देईन."

अनुपचा बेत मात्र पक्का होता. विमान उतरणार, दाराची शिडी उघडणार, माणसं सावकाश उतरणार, मग सामान येणार. तेवढ्या वेळात विमानतळाच्या मागच्या बाजूच्या शेतातून उतरतानाचा फोटो काढायचा, गाडी वळवायची आणि सासूबाई बाहेर यायच्या आत दारात हार घेऊन उभं राहायचं. हार त्याने बडनेऱ्यात घेतलासुद्धा.

शेत माणिकबाईंचं होतं. तूर कमरेपर्यंत आली होती, पिवळी फुलं लागली होती. अनुपने धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गाडी उभी केली आणि रीतसर विचारलं, "मावशी, इथं जरा उभा राहू का? फोटो काढायचा हाये."

"तुरीचा?"

"नाही, विमानाचा."

माणिकबाईंनी त्याला खालीवर पाहिलं. "मंग तुरीत कावून उभे राहता? कुंपनाच्या बाजूनं राहा. अन् गाडी तिथं नोका ठेवू."

"दोन मिनिटांचं काम आहे मावशी," अनुप म्हणाला. शेवटचं वाक्य त्याने ऐकलंच नव्हतं, कारण पश्चिमेकडे एक बारीक दिवा दिसू लागला होता.

विमान आलं. मावळतीचं ऊन अंगावर घेत, चाकं खाली सोडून, दोन्ही पंखे गरगर फिरवत ते तुरीच्या फुलांवरून असं खाली आलं, की अनुपचा श्वासच थांबला. बोट तेवढं चाललं. त्याने मागच्या पडद्यावर फोटो पाहिला. खिडक्यासुद्धा मोजता येत होत्या. असा फोटो त्याला आजवर साधला नव्हता. तो स्वतःशीच हसत गाडीकडे पळाला, आणि गाडी चालू करून ॲक्सिलरेटर दाबला, तर चाकं जागच्या जागी फिरली.

झालं होतं असं, की मधल्या वेळात शेतीची लाइन आली होती. लाइन आली, की माणिकबाईंचा पंप आपोआप सुरू व्हायचा आणि पाणी पाटातून धुऱ्याकडे यायचं. ते आलं होतं. वऱ्हाडच्या काळ्या मातीला पाणी मिळालं, की ती कोणाचीच राहत नाही. अनुप पंधरा मिनिटं जोर करत राहिला, तशी गाडी आणखी बसली.

"म्या म्हनलं होतं," माणिकबाई लांबूनच म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. अकोल्याहून भावना होती. "आई-बाबा बाहेर आले. तुम्ही कुठं आहात?"

"पोचलोच!" अनुप म्हणाला आणि लगेच दुसरा फोन आला. दुर्गाबाईंचा.

"जावईबापू, कुठी हाये तुमी?"

अनुपने गाडीतून उतरून कॅमेरा डोळ्याला लावला. लांब पल्ल्याच्या भिंगातून पलीकडे विमानतळाचं फाटक स्वच्छ दिसत होतं. फाटकाशी सासरे बुधाजी बॅगांवर हात ठेवून उभे होते आणि शेजारी कानाला फोन लावून दुर्गाबाई. त्यांच्या कपाळावरच्या आठ्याही दिसत होत्या. बोट सवयीने खटक्यावर पडलं.

"इथंच आहे आई. गर्दीत."

"कोनती गर्दी? इथं आमी दोघं हाओत अन् एक कुत्रं हाये."

"म्हणजे… मी तुम्हाला पाहून राहिलो."

"मंग हात वर करा."

अनुपने हात वर केला. तुरीच्या शेतात, चिखलात घोटाभर रुतून, एका हाताने. माणिकबाईंनी ते पाहिलं आणि त्या पाटाकडे वळल्या.

"नाही दिसून राह्यले," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "मस्करी करता का माह्यी?"

"नाही हो आई! तुमच्या डाव्या हाताला बाक आहे बघा. तिथं बसा दोघं. मी आलोच."

दुर्गाबाईंनी डावीकडे पाहिलं. बाक होतं. मग त्यांनी खांबामागे पाहिलं, झाडामागे पाहिलं, उभ्या असलेल्या रिक्षाच्या मागे वाकून पाहिलं. जावई कुठेच नव्हता. तेव्हा त्या तरातरा बंदोबस्ताच्या हवालदाराकडे गेल्या. हवालदाराचं नाव उत्तमराव. विमान येऊन गेलं होतं, ड्यूटी संपत आली होती आणि ते नुकतेच टोपी काढून घाम पुसत होते.

"साहेब, माह्या जावई मले पाहून राह्यला, पन मले दिसून नाही राह्यला."

"म्हंजे?"

"म्हंजे त्याले बाक दिसते, मी दिसते. त्यो कुठी हाये ते सांगत नाही."

उत्तमरावांनी फोन हातात घेतला. "हॅलो. कोन बोलते? मी हवालदार बोलून राह्यलो. तुमाले मी दिसतो का?"

खोटं बोलावं की खरं, याचा अनुपने क्षणभर विचार केला. "दिसता, साहेब."

"टोपी कुठी हाये माह्यी?"

"डाव्या हातात."

उत्तमरावांनी घाईने टोपी डोक्यावर घातली. त्यांचा चेहरा बदललेला अनुपला भिंगातून नीट दिसला. "अन् आता?"

"आता डोक्यावर आहे. थोडी वाकडी."

टोपी सरळ करून उत्तमराव हळू आवाजात म्हणाले, "जागचे हालू नोका."

"हालता येतच नाही साहेब," अनुप कळवळून म्हणाला.

लांबून कोणीतरी विमानतळाच्या फाटकावर नजर ठेवून आहे, हे ऐकल्यावर जीप निघायला वेळ लागला नाही. उत्तमरावांनी दुर्गाबाईंना थांबायला सांगितलं. दुर्गाबाई म्हणाल्या, "जावई माह्या हाये, वळख कोन पटवनार?" आणि पुढच्या सीटवर बसल्या. बुधाजी आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेले शांत गृहस्थ. ते बॅगा घेऊन मागे बसले. ड्रायव्हरने जीप विमानतळाच्या भिंतीला वळसा घालून सरळ माणिकबाईंच्या धुऱ्यावर घातली आणि ती अनुपच्या गाडीच्या मागे येऊन तशीच बसली.

"म्या यायलेही सांगनार होती," माणिकबाई जीपवाल्यांकडे बोट दाखवत म्हणाल्या. "पन थांबते कोन?"

दुर्गाबाई चपला हातात घेऊन उतरल्या. समोर जावई. गळ्यात कॅमेरा, पँट गुडघ्यापर्यंत काळी, हातात झेंडूचा हार. त्याला काय करावं सुचेना. तो पुढे झाला आणि त्याने सासूबाईंच्या गळ्यात हार घातला.

"जयभीम, आई. प्रवास कसा झाला?"

दुर्गाबाईंनी आधी त्याच्या पँटकडे पाहिलं, मग हातातल्या चपलांकडे.

"आधी कॅमेरा दाखवा," उत्तमराव म्हणाले. "काय काय काढलं?"

अनुपने पडदा समोर धरला. पहिल्या फोटोत दुर्गाबाई फाटकाशी फोन लावत होत्या. दुसऱ्यात दुर्गाबाई चिडल्या होत्या. तिसऱ्यात जास्त चिडल्या होत्या. पुढच्यात त्या रिक्षामागे वाकल्या होत्या. मग उत्तमराव स्वतः, वाकड्या टोपीत. उत्तमरावांनी तो फोटो जरा जवळ घेऊन पाहिला.

"फाटकाचे सगळे उडवा," ते म्हणाले. "माह्यासहित."

अनुपने एकेक फोटो पुसायला घेतला. मागून बुधाजी डोकावून पाहत होते. "तो एक ठेवता आला असता," ते रिक्षाच्या फोटोकडे बोट दाखवत हळूच म्हणाले, पण दुर्गाबाईंनी मान वळवली तसे पुन्हा बॅगांशी गेले.

शेवटी विमानाचा फोटो उरला. उन्हात न्हालेलं, पंखे फिरवत उतरणारं. उत्तमराव दोन क्षण पाहत राहिले. मग म्हणाले, "मस्त आला. पन हाही उडवा. कायले भानगड? उद्या मले वरून विचारलं तर मी काय सांगू?"

"साहेब, हा तर आकाशातला आहे. शेतातून काढलेला. यात विमानतळ कुठं आहे?"

"विमान तर हाये ना?"

अनुपचा अंगठा बटणावर गेला. तो काही बोलला नाही, पण मुलगा परीक्षेत नापास झाल्यासारखा त्याचा चेहरा पडला. दुर्गाबाई तो चेहरा पाहत होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "दाखवा इकडे." त्यांनी चष्मा पुसला, पडद्यात डोकं घातलं आणि एका खिडकीवर बोट ठेवलं. "ही मी हाये."

"कोन?"

"मी! ही पाहा ना, डोक्यावर पदर. आयुष्यात पह्यल्यांदा विमानात बसली साहेब मी. जावयानं सासूचा फोटो काढला, यात सरकारचं काय गेलं? तुमच्या सासूचा फोटो असता तं उडवला असता का तुमी?"

उत्तमरावांनी खिडकीत निरखून पाहिलं. आत एक ठिपका होता. तो पदरही असू शकला असता, सीटही, किंवा एखादा टक्कल पडलेला गृहस्थही. पण समोर हार घातलेली, अनवाणी, चिखलात उभी असलेली बाई होती आणि तिच्याशी वाद घालायला कोणी तयार नव्हतं.

"राहू द्या," ते म्हणाले. "घरगुती फोटो हाये. पन पुढच्या वक्ती विचारून या, अन् फाटकाकडे ते भिंग वळवू नोका."

मग माणिकबाईंनी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर बोलावला. आधी जीप निघाली, नंतर अनुपची गाडी. तोवर दुर्गाबाई आणि माणिकबाई धुऱ्यावर बसून तुरीच्या भावापासून सुनांपर्यंत सगळं बोलून मोकळ्या झाल्या होत्या. अकोल्याला पोचायला रात्र झाली. भावनाने दार उघडलं, आईच्या गळ्यातला हार पाहिला, नवऱ्याची पँट पाहिली आणि कॅमेऱ्याकडे हात पुढे केला.

"असू दे त्याच्यापाशी," दुर्गाबाई आत जात म्हणाल्या. "पह्यले पानी दे. विमानात येवढंसंक देतात."

पंधरा दिवसांनी अनुप वरूडला गेला. फोटो मोठा करून, चौकट घालून आणला होता. घरी शेजारच्या बायका जमल्या होत्या. विमानातून उतरल्यावर जावयाने न्यायला पोलिसांची जीप पाठवली, पुढे ट्रॅक्टर जोडला आणि शेतात हार घालून सत्कार केला, हे एव्हाना आख्ख्या आळीला पाठ झालं होतं. अनुपने त्यात दुरुस्ती केली नाही.

बायका गेल्यावर त्याने फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि खिडकीवर बोट ठेवलं. "आई, हे पाहा. तुम्ही स्पष्ट दिसावं म्हणून एवढा भाग मी मुद्दाम उजळ केला."

दुर्गाबाईंनी फोटोकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"मी कुठची तिथं? आमी तं त्या बाजूनं बसलो होतो."

"काय?"

"पल्याडच्या बाजूनं. यायले विचारा." बुधाजींनी पेपरातून वर न पाहता मान डोलावली. "अन् उतरताना मी डोळे गच्च मिटून यायचा हात धरून बसली होती. पदर कुठी अन् खिडकी कुठी!"

"मग तुम्ही हवालदारांना…"

"तुमी त बोलूनच नोते राह्यले. कोनी तरी बोलाले पायजे का नाही?" त्या उठल्या, चौकट उचलून त्यांनी दिवाणखान्यातल्या मोकळ्या खिळ्यावर स्वतः लावली, मागे सरून सरळ आहे का पाहिलं आणि म्हणाल्या, "दिवाळीले जाऊन राह्यलो आमी पोराकडे. येतानी कोन्या बाजूनं बसू, ते आधीच सांगून ठेवजा. डोळे उघडे ठेवीन मी."